सात अक्षरं, एक आघात: पोलिश विशेषण आणि कवितेची ओळ

पोलिश कवितेबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. या भाषेत आघात ठरलेला, शेवटून दुसऱ्या अक्षरावर. म्हणून ओळी एकसुरी वाटतात. ही तक्रार आज आपण लांब विशेषणांवर तपासून बघू.

‘प्राव-दो-पो-दोब-नी’ म्हणजे संभाव्य. ‘सत्य’ आणि ‘सारखा’ या दोन शब्दांचा हा जोड. अक्षरं पाच, आघात ‘दोब’वर. ‘अधिक संभाव्य’ म्हणायचं तर ‘प्राव-दो-पो-दोब-न्येय-शी’. अक्षरं सहा झाली आणि आघात सरकून ‘न्येय’वर आला. ‘सर्वांत संभाव्य’साठी पुढे ‘नाय’ लागतं. अक्षरं सात होतात, पण आघात जागचा हलत नाही. आता षष्ठीचा ‘एगो’ प्रत्यय लावा: शेवट ‘शे-गो’, अक्षरं आठ, आघात ‘शे’वर. म्हणजे बघा, नियम स्थिर आहे, आघात नाही. शब्द मागून वाढला की तो सरकतो, पुढून वाढला तर सरकत नाही.

इथे मराठी कानाची एक अडचण होते. गणवृत्तांच्या सवयीमुळे जोडाक्षर दिसलं की आधीचं अक्षर आपण गुरू धरतो. पोलिशमध्ये व्यंजनांच्या गर्दीला असं वजन नाही. ‘दोब-नी’ तोडा किंवा ‘दो-ब्नी’, लेखनाच्या नियमांना दोन्ही चालतं. संख्या आणि आघात तेच राहतात. मोजायचे ते उच्चारातले स्वर. ‘न्येय’ लिहिताना ‘न’पुढे ‘इ’ आणि ‘ए’ दोन्ही येतात, पण तिथला ‘इ’ फक्त ‘न’ मृदू करतो, वेगळं अक्षर होत नाही. तेव्हा कान अभंगाचा हवा. सहा-सहा-सहा-चार मोजताना आपण लघुगुरू कुठे बघतो?

आता ओळीकडे येऊ. आदाम मित्स्क्येविचचं ‘पान तादेउश’ 1834 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. त्याची ओळ तेरा अक्षरांची, सातव्यानंतर यती. यतीपूर्वीचा आघात सामान्यतः सहाव्या अक्षरावर येतो. आपलं सात अक्षरी विशेषण या अर्ध्या ओळीत नेमकं बसेल. षष्ठीत गेलं की बसणार नाही.

पण नुसतं बसणं म्हणजे कविता नव्हे. त्याच सात अक्षरांत तीन छोटे शब्द आले तर तीन ठोके ऐकू येतात. एकच लांब विशेषण आलं तर सुरुवातीला एक हलका, दुय्यम ठोका, मग लांब धाव आणि शेवटी खरा आघात. संख्या तीच, चाल मात्र पार वेगळी. एकसुरीपणाची तक्रार इथेच चुकते असं आम्हाला वाटतं. ती आघाताची शब्दातली जागा बघते, दोन आघातांमधलं अंतर बघत नाही. आणि ते अंतर शब्दांच्या लांबीतून कवीच ठरवतो.

म्हणून अनुवाद करताना लांब विशेषणाचे सोयीसाठी दोन-तीन सुटे शब्द केले, तर अर्थ पोचतो, पण ती धाव मोडते. अनुवाद तपासताना अक्षरं मोजाच. पण ठोके किती पडले, तेही ऐका.