'लाइफ टुगेदर' आणि भांडणारी मंडळी : एका गाजलेल्या पुस्तकाचं पुनर्वाचन

 

'मंडळी' हा शब्द आज मला जरा जपून वापरावा लागणार आहे. व्याख्याता श्रोत्यांना 'मंडळी' म्हणतो, आणि मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चमधल्या भाविकांच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतो. आजचा विषय या दुसऱ्या मंडळीचा आहे. मंडळीत भांडण लागलं की पाळकानं काय करायचं? तिच्यात पुन्हा जीव कसा येतो? अशा वेळी पाळकाच्या हातात अनेकदा एक पुस्तक दिलं जातं. ते म्हणजे डीट्रिख बॉनहोफर या जर्मन धर्मपंडिताचं 'लाइफ टुगेदर', म्हणजे एकत्र जगणं. मूळ जर्मन पुस्तक १९३९ साली आलं. जेमतेम शंभर-सव्वाशे पानांचं, पण जगभरच्या पाळकांनी वाचलेलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुस्तक मोठं आहे, मला आवडतं. पण ते पाळकाच्या मनावरचं औषध आहे. मंडळीच्या भांडणावरचं औषध म्हणून ते दिलं, तर कधी कधी दुखणं वाढतं. असं का होतं, ते बघू.

पुस्तक कुठून आलं, तिथून सुरुवात करतो. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये फूट पडली. ज्यांनी नाझी हस्तक्षेप नाकारला त्यांची 'कन्फेसिंग चर्च' उभी राहिली. तिच्या तरुण पाळकांना शिकवण्यासाठी बॉनहोफरनं १९३५ साली एक छोटं पाठशाळावजा केंद्र चालवायला घेतलं. आधी बाल्टिक समुद्राकाठी झिंग्स्टला, मग श्टेटिन शहराजवळच्या फिंकेनवाल्डेला. हा भाग आता पोलंडमध्ये आहे. सकाळ-संध्याकाळ एकत्र प्रार्थना, स्तोत्रं, मनन, अभ्यास, जेवण असा दिनक्रम होता. १९३७च्या सप्टेंबरअखेर गेस्टापोनं ते बंद केलं. पुढच्या वर्षी बॉनहोफरनं गटिंगेनला आपल्या जुळ्या बहिणीच्या, झाबिनंच्या, रिकाम्या घरात बसून साधारण चार आठवड्यांत हे पुस्तक लिहिलं. घर रिकामं का होतं? तिचा नवरा गेरहार्ड लाइबहोल्ट्स ज्यू वंशाचा होता, म्हणून ते कुटुंब नुकतंच देश सोडून गेलं होतं. हे घर लक्षात ठेवा, शेवटी तिकडे परत यायचं आहे.

आता पुस्तकाची ताकद. पहिल्याच प्रकरणात बॉनहोफर एक कडू गोष्ट सांगतो. आदर्श मंडळीचं स्वप्न उराशी बाळगून जो येतो, तोच खऱ्या मंडळीचा नाश करतो. कारण समोरची माणसं त्या स्वप्नात बसत नाहीत, मग तो त्यांना दोष देतो, मग देवाला दोष देतो, आणि शेवटी स्वतःला. म्हणून पाळकानं आपल्या मंडळीविषयी तक्रार करू नये, असं तो बजावतो. माणसांपाशी तर नाहीच, देवापाशीही नाही. तीन वर्षांत चर्च भरून टाकीन, असं ठरवून आलेला आणि सहाव्या महिन्यात 'ही माणसंच तशी' म्हणायला लागलेला पाळक तुम्ही पाहिला असेल. त्याला या पानांइतकं खरं कुणी बोलणार नाही.

दुसरी ताकद चौथ्या प्रकरणात आहे. त्याची सुरुवातच भांडणापासून होते. आपल्यात मोठा कोण, यावरून शिष्यांमध्ये लागलेला वाद. बॉनहोफर म्हणतो, माणसं एकत्र आली की हे बी रुजतंच. त्यावर तो सेवेची एक उतरंड मांडतो. आधी जीभ आवरणं, मग नम्रता, मग ऐकून घेणं, मदत करणं, सोसणं, आणि या सगळ्यानंतर वचन सांगणं. बोलणं हाच ज्याचा पेशा आहे, त्या पाळकाला तो उपदेशाच्या आधी पाच पायऱ्या चढायला लावतो.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते त्या जिभेच्या नियमापाशी. फिंकेनवाल्डेत एक नियम होता: गैरहजर असलेल्या बांधवाविषयी बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. पुस्तकातही तो आहे. 'त्याच्या भल्यासाठीच बोलतोय' ही सबबसुद्धा चालणार नाही, कारण द्वेष नेमका याच वेषात शिरतो, असं बॉनहोफर म्हणतो. चुगलीची नस त्यानं बरोबर पकडलीय.

पण हाच नियम आपल्या एखाद्या मंडळीत आणून ठेवा. मी ज्या मंडळीत वाढलो, तिथली गोष्ट सांगतो. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. कापणीच्या सणाला लोक धान्य, कोंबड्या, भोपळे आणायचे, मग त्यांचा लिलाव व्हायचा. एका वर्षी उपासनेनंतर एका म्हाताऱ्या विधवा बाईंनी विचारलं, "पाळकसाहेब, लिलावाचे पैसे किती झाले आन् कुठं लागले?" खजिनदार त्या दिवशी परगावी होते. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "आजी, जो इथं नाही त्याच्याविषयी आपण बोलू नये." सगळ्यांना ते फार आध्यात्मिक वाटलं. आजी खाली बसल्या. पुढच्या महिन्यापासून त्या यायच्या थांबल्या. मग त्यांच्या नात्यातली दोन घरं थांबली. तीन वर्षांनी त्याच इमारतीत सकाळी एका गटाची उपासना आणि दुपारी दुसऱ्या गटाची, असं सुरू झालं. खूप उशिरा वही उघडली गेली तेव्हा हिशेबात एका रुपयाचाही घोळ निघाला नाही. ती वही कुणी वाचून दाखवली नव्हती, एवढंच.

आता कुणी म्हणेल, हा नियमाचा दुरुपयोग झाला, पुस्तकाचा काय दोष? अर्धं बरोबर आहे. समोरासमोर केलेली कानउघाडणी बॉनहोफरनं त्या नियमातून वगळलेली आहे. शिवाय त्याच प्रकरणाच्या शेवटी, मंडळीला झगमगत्या व्यक्तिमत्त्वांची नाही, विश्वासू सेवकांची गरज असते, असंही तो लिहितो. आजींचा प्रश्न दाबणाऱ्या पाळकाला हे पुस्तक पाठीशी घालत नाही.

उरलेला अर्धा भाग मात्र पुस्तकाच्या रचनेतच आहे. फिंकेनवाल्डेत कोण होते? तरुण पुरुष, सगळे एकाच पेशाचे, स्वतःहून आलेले, काही महिन्यांनी निघून जाणारे. तिथं तीन पिढ्यांचं वैर नव्हतं, कमिटीची निवडणूक नव्हती, मिशनच्या काळातली जमीन नव्हती, सून-सासूचा सुवार्ता-गट नव्हता. आपल्याकडे महाराष्ट्रात कित्येक मंडळ्या १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. भांडण पेटलं की दोन कमिट्या होतात, दोन चेंज रिपोर्ट दाखल होतात, आणि एकच देव मानणारी माणसं धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत वेगवेगळ्या बाकांवर बसतात. पाळकानं मंडळीविषयी तक्रार करू नये, हे पुस्तक सांगतं. पण मंडळीला पाळकाविषयी, कमिटीविषयी, पैशाविषयी काही म्हणायचं असेल तर ते कुठे म्हणायचं? ती जागा या पुस्तकात मला सापडत नाही.

ती जागा सापडते एका फार जुन्या मजकुरात, प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात. हा प्रसंग सातच वचनांचा. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय, अशी कुरकुर सुरू झाली. लक्षात घ्या, कुरकुर. म्हणजे पाठीमागचंच बोलणं. जिभेचा नियम लावला असता तर ती तिथंच संपली असती, आणि विधवा उपाशी राहिल्या असत्या.

बारा प्रेषित काय करतात? कुरकुर कोण करतंय याचा शोध घेत नाहीत. सगळ्या शिष्यांना बोलावतात. हे काम आमच्याच्यानं होणार नाही, हे उघड सांगतात. माणसं तुम्हीच निवडा म्हणतात, फक्त ती कशी असावीत ते सांगतात. सात जण निवडले जातात, स्तेफनापासून निकलावापर्यंत. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणून अनेक अभ्यासक मानतात, की ज्या गटाची तक्रार होती, त्याच गटाच्या हाती वाटप दिलं गेलं. मला हा प्रसंगातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो. आणि लगेच पुढचं वचन? देवाचं वचन पसरत गेलं, शिष्यांची संख्या वाढली, याजकांपैकीही पुष्कळ जण आले. आपण उज्जीवनासाठी तंबू ठोकतो, बाहेरून वक्ते आणतो. लूकनं ते उज्जीवन अन्नवाटपाचा हिशेब सुधारल्याच्या शेजारी ठेवलंय.

टीकाकार म्हणून लूकलाही सोडता येत नाही. या प्रसंगात एकही विधवा स्वतः बोलत नाही. पुढे त्यांच्या ताटात काय पडलं, ते लूक सांगत नाही. वाटपासाठी निवडलेले स्तेफन आणि फिलिप्प पुढच्या पानांवर आपल्याला दिसतात ते उपदेश करताना. तरीही तक्रारीला सभा मिळाली आणि सभेला अधिकार मिळाला, ही गोष्ट तिथं आहे.

आता गटिंगेनच्या त्या रिकाम्या घराकडे येतो. ज्या माणसानं जीभ आवरायला सांगितलं, तो स्वतः गप्प बसणारा होता का? १९३३ साली चर्चमधून ज्यू वंशाच्या पाळकांना काढण्याचा नियम आणायचं चाललं, तेव्हा विरोधात बोलणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. राइश-चर्चच्या पुढाऱ्यांबद्दल तो त्यांच्या माघारीही बोलला आणि परदेशात जाऊनही बोलला. शेवटी ९ एप्रिल १९४५ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली गेली. म्हणजे रुसव्याफुगव्याचं भांडण आणि अन्यायाचं भांडण वेगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हा भेद तो जगला, पण या पुस्तकात त्यानं तो लिहून ठेवला नाही. बहिणीच्या सोडून गेलेल्या घरात बसून लिहिताना त्याला तो वेगळा सांगायची गरज वाटली नसेल. आपल्याला आहे.

म्हणून भांडणात सापडलेल्या पाळकाला मी हे पुस्तक जरूर देईन. त्यानं ते दार लावून, स्वतःसाठी वाचावं. मंडळीला मात्र त्यातला जिभेचा नियम सांगण्याआधी त्यानं एक सभा बोलवावी, वही उघडून मोठ्यानं वाचावी, आणि ज्यांची कुरकुर आहे त्यांच्यातल्याच दोघांना पुढच्या वर्षीचा हिशेब ठेवायला सांगावं. आमच्या आजींना एवढंच हवं होतं. त्यांच्या अंत्यविधीला दोन्ही गट आले होते, पण मधली बाकं रिकामी सोडून बसले होते.

मी इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. माझं म्हणणं पटलं नसेल त्यांनी आधी विचारावं.