'ट्रॅव्हल्स विथ चार्ली': दुसऱ्या संधीची कादंबरी

जॉन स्टाइनबेक यांचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथालयांत ते प्रवासवर्णनांच्या कपाटात असते. प्रस्तुत लेखात मात्र त्याचा विचार कादंबरी म्हणून केला आहे. त्यास आधारही आहे. पत्रकार बिल स्टायगरवाल्ड यांनी २०१० मध्ये या प्रवासाचा माग काढून त्यातील अनेक मुक्काम व संवाद रचलेले असल्याचे दाखविले, आणि २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे परीनी यांनी पुस्तक शब्दशः खरे मानू नये, असे सुचविले. काहींना यात फसवणूक वाटली. कादंबरीच्या अभ्यासकाला तसे वाटण्याचे कारण नाही.

१९६० च्या सप्टेंबरात अठ्ठावन्न वर्षांचा, आजारातून उठलेला निवेदक 'रोसिनांते' नावाच्या गाडीतून देश पुन्हा पाहण्यास निघतो. सोबत चार्ली, फ्रेंचमधील आज्ञा चटकन पाळणारा वयस्कर पूडल. चार्लीच्या मूत्रविकाराची प्रकरणे पुस्तकातील सर्वांत हळवी आहेत. एक पशुवैद्य त्याला बेफिकिरीने हाताळतो, दुसरा मायेने. आपल्या वार्धक्याविषयी जे बोलवत नाही, ते निवेदक कुत्र्याच्या आजारातून बोलतो. कुटुंबाच्या वाट्याला मात्र असा ओलावा येत नाही. मॉन्टेरेत बहिणींशी भेट होते ती निवडणुकीवरून भांडण्यापुरती.

वाचकप्रिय ऊब येथवर पुरते. न्यू ऑर्लिन्समध्ये शाळेत जाणाऱ्या कृष्णवर्णीय बालिकेला शिव्या देणाऱ्या गोऱ्या स्त्रिया पाहण्यास निवेदक जातो, तेव्हा गाडी व चार्ली वाहनतळावर ठेवून टॅक्सीने जातो. तत्पूर्वी वाहनतळावरील माणसाने गाडीत बसलेल्या चार्लीला कृष्णवर्णीय माणूस समजल्याचा विनोद केलेला असतो. महाप्रस्थानिक पर्वातील युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गही नाकारतो. येथे नरकाच्या दाराशी कुत्रा मागे ठेवला जातो. स्टाइनबेक यांचा हा निर्णय, जाणीवपूर्वक असो वा नसो, कलादृष्ट्या अचूक आहे. चार्ली सोबत असता तर आपण त्याच्याकडे पाहिले असते, त्या मुलीकडे नव्हे.

याची किंमत कादंबरी चुकवते. त्यानंतर वर्णने आखूड होत जातात. लिफ्ट दिलेल्या वर्णद्वेष्ट्या तरुणाला निवेदक भर रस्त्यात उतरवतो, आणि घर गाठण्यापूर्वीच, व्हर्जिनियातील अ‍ॅबिंग्डन येथे, प्रवास संपल्याचे सांगून टाकतो.