बढत आक्रसते आहे

आजच्या तरुण गायकांची तयारी थक्क करणारी आहे. तिन्ही सप्तकांत फिरणारा गळा, लयीवर पक्की पकड आणि हव्या त्या घराण्याचं ध्वनिमुद्रण फोनवर हाताशी. गुणी कलावंतांची वानवा मुळीच नाही. तरीही कित्येक मैफलींतून उठताना राग भेटलाच नाही, अशी रुखरुख लागते. मला त्याचं कारण ख्यालाच्या बिघडलेल्या प्रमाणात दिसतं.

मारवा घ्या. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांवर गायक रेंगाळत राहतो, षड्ज टाळतो. तानपुरा षड्ज सांगत असतो आणि गळा मात्र तिथे टेकत नाही. या ताणातून हळूहळू एक बेचैनी साचते. मग षड्ज लागतो तेव्हा श्रोत्याचा श्वास मोकळा होतो. ही बेचैनी साचायला अवधी हवा. महोत्सवात वाट्याला पाऊण तास आला की काटछाट होते ती विलंबिताची. आलापी आटोपती घेतली जाते, तानांचा पसारा तेवढाच राहतो. टाळ्या तानांना पडतात, हे गायकालाही ठाऊक असतं.

दोष नुसत्या वेळेच्या टंचाईचा म्हणावा, तर जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यातही रागाची मूर्ती उभी केली. अवकाश लहान होता, म्हणून त्यांनी सगळं चित्रच त्या मापाचं काढलं. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही एवढीच. ऐकताना काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. आजच्या छोट्या मैफलीला असं स्वतःचं माप अजून सापडलेलं नाही.

वेळेचा दुसरा प्रश्न प्रहरांचा. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चाले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा घातली. मोजक्या दिवशी सवलत मिळाली तरी ती मध्यरात्रीपर्यंतचीच. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. पण त्यामुळे उत्तररात्रीचे राग अशा मंडपांतून गेले. दुपारच्या सत्रांत भीमपलासी, मुलतानी, पटदीप निवांत ऐकायला मिळू लागले, ही त्यातली जमेची बाजू.

समीक्षेची अवस्था मला अधिक बोचते. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराणी मांडली: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर मध्यावर. स्वतः जयपूरची तालीम घेतलेल्या माणसाने समतोल नेमका जयपूरला द्यावा, यावर भांडता येतं. पण भांडायला त्यांनी एक ठाम भूमिका तरी समोर ठेवली. आता वृत्तांतात रागांची नावं, साथीदारांची यादी आणि रंगलेल्या मैफलीची ग्वाही येते. विलंबितात गायकाने कोणत्या स्वराला किती महत्त्व दिलं, तान आलापातून उगवली की वरून चिकटवली, याचा शब्दही नसतो. गायकाला मग टाळीखेरीज दुसरा कौल मिळतच नाही. आयोजकांनी एका संध्याकाळी चारऐवजी एकच कलाकार बसवावा, त्याला तीन तास द्यावेत. आणि दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्याने त्या तीन तासांचा चोख हिशेब मागावा.