संदर्भ सुटलेले वाक्य

एखाद्या कंपनीची समाजमाध्यमावरील पोस्ट अंगलट आली, की 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत' असा खुलासा येतो आणि मूळ मजकूर काढून टाकला जातो. जणू काही दोष वाचणाऱ्याच्या भावनांचाच! आमच्या मते या चुका बहुधा कार्यपद्धतीच्या असतात. म्हणूनच त्या आधी तपासता येतात. तीन उदाहरणे पाहू.

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील अनेक स्त्रिया, जोडीदाराची मारहाण सोसूनही आपण त्याच्याजवळ का राहिलो, हे ट्विटरवर सांगत होत्या. हे लेखन एकत्र सापडावे म्हणून 'मी का राहिले' अशा अर्थाची खूण, म्हणजे हॅशटॅग, त्याला जोडली जाई. डिजॉर्नो या पिझ्झाच्या ब्रँडने तीच खूण लावून 'पिझ्झा होता म्हणून' अशा अर्थाचा विनोद केला. ती खूण कशासाठी आहे हे वाचलेच नव्हते, असे त्यांनी नंतर कबूल केले. बाटलीवरचे लेबल न वाचता रसायन ओतणाऱ्या विद्यार्थ्याला आपण प्रयोगशाळेत उभे तरी करू का? मात्र डिजॉर्नोने अनेकांची व्यक्तिशः माफी मागितली, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरे उदाहरण ८ मार्च २०२१ चे, म्हणजे महिला दिनाचे. ब्रिटनमधील बर्गर किंगने 'बायकांची जागा स्वयंपाकघरात' अशा अर्थाचे वाक्य ट्विटरवर टाकले. शेफच्या व्यवसायात स्त्रिया केवळ २० टक्के आहेत, म्हणून शिष्यवृत्ती देत आहोत, हा खुलासा पुढच्या पोस्टमध्ये होता. हेतू चांगलाच होता; पण तेथे प्रत्येक पोस्ट सुटी पुढे पाठवता येते. पहिलेच वाक्य एकटे सर्वत्र फिरले आणि कंपनीला ते काढून घेऊन माफी मागावी लागली. अमेरिकेत वृत्तपत्रातील पानभर जाहिरातीत याच वाक्याखाली निदान खुलासा छापलेला होता. 'पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते' या विधानातून वायुदाबाची अट गाळली, तर सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये ते चूक ठरते. अटीही विधानाबरोबरच प्रवासाला निघाल्या पाहिजेत.

तिसरी चूक यंत्रावर विसंबण्याची. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोका-कोलाने लोकांनी पाठवलेल्या कटू शब्दांतील अक्षरे जुळवून गोंडस चित्रे बनवणारी योजना सुरू केली. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. मूळ आस्की संकेतात असे १२८ क्रमांक आहेत. क्रमांकांची मांडणी करणाऱ्या यंत्राला मजकूर कोणाचा, याच्याशी कर्तव्य नव्हते. गॉकर या संकेतस्थळाने मुद्दाम हिटलरच्या आत्मचरित्रातील ओळी त्यात भरल्या आणि कंपनीच्या नावाने त्यांची चित्रे निघाली. योजना थांबवावी लागली. असे कोणी करणे योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. पण यंत्रातून बाहेर पडणारा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी पाहणारा माणूस तेथे नव्हता, हे खरे.

आज शाळांची सूचनापत्रेही मोबाईलवरूनच जातात आणि एकेक वाक्य सुटे होऊन पालकांपर्यंत पोहोचते. म्हणून वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एखादी जाहिरात वा सूचना घेऊन तिचे प्रत्येक वाक्य, बाकीचा मजकूर न पाहिलेल्या विद्यार्थ्याला वाचून दाखवावे आणि त्याला काय समजले ते लिहून घ्यावे. मूळ अर्थाशी ताडून पाहिल्यावर कोणते वाक्य एकटे पाठवण्याजोगे नाही, हे मुलेच सांगतील.