वेल्सकृत नाना फडणीसांचे चित्र : मुद्रा आणि मांडणी

उत्तर पेशवाईतील प्रमुख मुत्सद्दी नाना फडणीस यांस प्रत्यक्ष पाहून काढलेले तैलचित्र उपलब्ध आहे, ही इतिहासाच्या अभ्यासकास मोठीच अनुकूलता होय. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या साहाय्याने त्यास दरबारात प्रवेश मिळाला, व १७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना यांचे एकत्रित चित्र रंगविले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

नानांच्या कृश, गंभीर मुद्रेवर भावी दुर्दैवाची छाया पाहण्याचा मोह सहज होतो. दौलतराव शिंद्यांनी ३१ डिसेंबर १७९७ रोजी नानांस कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेविले, हे वाचकास ठाऊक असते. आणि ते ज्ञान तो नकळत चित्रावर लादतो. परंतु १७९२ मध्ये नानांचा उत्कर्ष चालू होता. त्याच नगर जिल्ह्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये निजामावर मिळालेला विजय तर अजून व्हावयाचा होता. तेव्हा मुद्रेवरून भवितव्य वाचणे हा कालविपर्यास ठरतो.

चित्राची खरी साक्ष त्याच्या मांडणीत आहे. रेनॉल्ड्सप्रभृतींच्या तत्कालीन इंग्रजी व्यक्तिचित्रांत धनाढ्य राजकारणी पुरुष बहुधा एकटा असतो. स्तंभ, पडदा, हातातील कागद ही त्याच्या अधिकाराची चिन्हे. वेल्सच्या चित्रात नाना एकटे नाहीत. मानाचे स्थान अठरा वर्षांच्या पेशव्यांचे. रत्नालंकारांचा भर त्यांच्याच अंगावर. मागे सेवक उभे आहेत, आणि पन्नाशीतील कारभारी धन्याच्या शेजारी तुलनेने साध्या वेषात बसलेला आहे. राज्य चालविणारा पुरुष येथे गादीच्या आधारानेच दिसतो. युरोपीय छायाप्रकाशाने वेल्सने चेहऱ्यास व्यक्तित्व दिले. तथापि दरबारी मर्यादा त्याने मोडली नाही, आणि या संयमातच चित्राचे मोल आहे.

पुढील घटनांनी या मांडणीचा अर्थ स्पष्ट केला. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव मृत्यू पावले. त्याच वर्षी वेल्सही निवर्तला. चित्रातील मुख्य आसन रिकामे होताच त्याच्या शेजारचे स्थान डळमळले. नगरच्या कैदेतून १७९८ मध्ये सुटताना नानांस दहा लाख रुपये द्यावे लागले. द्रव्याने मुक्तता मिळाली, पुन्हा कारभारही मिळाला. पूर्वीचा आधार मात्र परत मिळाला नाही. १३ मार्च १८०० रोजी त्यांचे निधन झाले.

म्हणून नानांचा चेहरा या समूहातून वेगळा काढून अभ्यासणे योग्य नव्हे. तसे केल्यास व्यक्ती हाती येते, पण तिच्या सत्तेचे स्वरूप निसटते.