शारजात मोजलेला, खेडमध्ये न मोजलेला

जनगणनेवरच्या आपल्या भागात बोलणं बरंचसं वरच्या पातळीवर राहिलं. 2021 ची जनगणना का लांबली, जातीची नोंद कशी होणार, मतदारसंघांचं पुढे काय, वगैरे. भाग ऐकून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण आमच्या गावाचा आराखडा करताना या आकड्यांचं आम्ही नेमकं काय करायचं?" प्रश्न साधा आहे, उत्तर तितकंसं साधं नाही. म्हणून ते इथे लिहून देतो. त्यासाठी एक पुस्तक समोर ठेवू या: 2011 ची रत्नागिरी जिल्हा जनगणना पुस्तिका. सरकारी आकड्यांचं पुस्तक असलं तरी तेही पुस्तकच आहे. कुणीतरी ठरवलेले रकाने, कुणीतरी गाळलेल्या गोष्टी आणि एक गृहीत धरलेला वाचक त्यात आहेच. तेव्हा इतर पुस्तकांची जशी समीक्षा करतो, तशी याचीही करायला हरकत नाही.

आधी श्रेय. जिल्हा पुस्तिकांची ही परंपरा 1951 च्या जनगणनेपासूनची आहे. 2011 च्या पुस्तिकेचे दोन भाग आहेत. पहिल्यात गावनिहाय सुविधा: शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, बँक, वीज, जमिनीचा वापर. दुसऱ्यात प्रत्येक गावाची एक ओळ: कुटुंबं किती, माणसं किती, 0 ते 6 वयाची मुलं किती, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे, न करणारे. देशातल्या प्रत्येक महसुली गावासाठी अशी ओळ आहे आणि ती कुणालाही फुकट मिळते. मी सध्या जिथे काम करतो त्या संयुक्त अरब अमिरातीत इतक्या खालच्या पातळीवरचे आणि इतके उघडे आकडे मिळवणं अवघड आहे. त्यामुळे खालची टीका 'जनगणना निरुपयोगी' अशा थाटाची नाही. ही ओळ कशासाठी केलेली आहे आणि आपण ती कशासाठी वापरतो, यातल्या अंतराबद्दल ती आहे.

कोण मोजलं गेलं?

2011 ची प्रत्यक्ष गणना 9 ते 28 फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. संदर्भाचा क्षण 1 मार्चचे शून्य तास. नियम असा, की जो त्या काळात गावात होता, किंवा नेहमी तिथे राहतो आणि 28 फेब्रुवारीपर्यंत परत येणार आहे, तो त्या गावाचा. जो संपूर्ण काळ बाहेर होता, तो त्या गावच्या ओळीत येत नाही. मुंबईला असलेला चाकरमानी मुंबईत मोजला जातो. पण शारजात किंवा अबू धाबीत असलेला माणूस भारताच्या जनगणनेत कुठेच मोजला जात नाही.

शारजाच्या रोला भागात खेड, दापोली, मंडणगडकडची बरीच माणसं भेटतात. एक इलेक्ट्रिशियन माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. सतरा वर्षं इथे आहेत, दोन वर्षांतून एकदा गावी जातात. गावी आई, बायको, दोन मुलं. घराचा स्लॅब इथल्या पगारातून पडला, विहिरीवरची मोटर इथूनच गेली, मशिदीच्या आणि शाळेच्या दुरुस्तीची वर्गणीही इथूनच जाते. घराचे निर्णय रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर होतात. गावात विचारलं तर ते गावचेच. जनगणनेत विचारलं तर नाहीत. त्यांच्या घराच्या नोंदीत एक पुरुष कमी आहे. तो मेला, मुंबईला गेला की आखातात आहे, हे ती नोंद सांगत नाही.

एका घराचा हा तपशील जिल्ह्याच्या पातळीवर काय करतो ते पाहा. 2001 मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069 झाली. म्हणजे 4.82 टक्क्यांची घट. सिंधुदुर्गही 2.21 टक्क्यांनी घटला. त्याच दशकात महाराष्ट्र जवळपास 16 टक्क्यांनी वाढला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया मोजल्या गेल्या, तर राज्याचं प्रमाण 929. आता हे 1122 भाषणांत आणि अहवालांत कसं येतं? 'स्त्री-पुरुष प्रमाणात रत्नागिरी राज्यात आघाडीवर' असं, जणू हा स्त्रीसन्मानाचा निर्देशांक आहे. पण 0 ते 6 वयोगटात हेच प्रमाण तिथेही हजाराच्या खालीच आहे. मोठ्या वयात ते हजाराच्या वर जातं, ते मुख्यतः पुरुष बाहेर असल्यामुळे. म्हणजे जो आकडा स्थलांतराची खूण आहे, तो आपण सामाजिक प्रगतीची खूण म्हणून वाचतो. यात पुस्तिकेची चूक नाही. पण तिच्या रकान्यांमध्ये ही गफलत थांबवणारं काहीच नाही.

ओळीत काय मावत नाही

गावाच्या ओळीत वयोगट एकच: 0 ते 6. साठीच्या पुढचे किती, हे गावपातळीवर नाही. कोकणातल्या एखाद्या गावाच्या आराखड्यातला सगळ्यात निकडीचा प्रश्न आज म्हाताऱ्या माणसांचा असू शकतो: औषधं कोण आणणार, रात्री दवाखान्यात कोण नेणार. त्याची साधी संख्या सुद्धा इथून निघत नाही.

कामाचे रकाने आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. उरलेले 'काम न करणारे'. परदेशातून येणाऱ्या पैशावर उभं असलेलं घर या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. उलट, नवरा बाहेर असताना भातशेती, गुरं, सासू-सासरे आणि बँकेचे व्यवहार एकटीने ओढणारी बाई 'घरकाम' म्हणून काम न करणाऱ्यांत गेलेली असण्याची शक्यता मोठी. हेमलता दांडेकरांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा अभ्यास करून 1986 मध्ये पुस्तक लिहिलं. पुरुष मुंबईला आणि बाया गावी, हाच त्याचा विषय. एका गावात राहून जे दिसतं ते एका ओळीत का दिसत नाही, हे समजायला ते आजही वाचावं.

सुविधांच्या भागात आणखी एक गंमत आहे. सुविधा गावात नसेल तर अंतराची अक्षरं दिली आहेत: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या वर. सपाट देशावर हे चालून जातं. कोकणात पाच किलोमीटरमध्ये एक घाटी, एक पऱ्या आणि पावसाळ्यात बंद पडणारा साकव येऊ शकतो. शिवाय मोजणीचं एकक महसुली गाव आहे, आणि कोकणातलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. गावात नळपाणी योजना आहे एवढं पुस्तिका सांगते. वरच्या वाडीला एप्रिलनंतर पाणी चढत नाही, हे तिला सांगता येत नाही. मजा म्हणजे आपल्याच प्रशासनाला हे चांगलं माहीत आहे. टँकरचा हिशेब दरवर्षी 'इतकी गावं आणि इतक्या वाड्या' असाच मांडला जातो. टंचाईत जी वाडी दिसते, ती नियोजनात गायब होते.

आणि मग पैसे

हे सगळं अभ्यासकांच्या वादापुरतं असतं तर चाललं असतं. पण या ओळीवर पैसे ठरतात. 14 व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना थेट निधी दिला, आणि राज्याचं स्वतःचं सूत्र नसेल तर वाटप 2011 च्या लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के वजन देऊन करा, असं सांगितलं. उपकेंद्राचा निकष डोक्यांवर: सपाट भागात 5,000 लोकसंख्येमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 मागे एक. ग्रामपंचायतीत सदस्य किती, हेही लोकसंख्येवरच. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती जणांना धान्य मिळणार याची कमाल मर्यादा 2011 वर गोठलेली. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची कल्पना पुढे आली, तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती विरळ वस्तीच्या भागांनीच घेतली.

डोकी मोजून पैसे वाटण्यामागे एक न्याय आहे हे मान्यच. पण माणसं कमी झाली म्हणून रस्त्याची लांबी कमी होत नाही, वाड्या कमी होत नाहीत, पाइपलाइन आखूड होत नाही. उलट, राहिलेली माणसं जास्त म्हातारी असतात आणि त्यांना सेवा घरापर्यंत लागते. घटत्या गावाचा दरडोई खर्च वाढतो आणि सूत्र मात्र त्याला कमी देतं.

'आमचा गाव, आमचा विकास' हा महाराष्ट्रातला उपक्रम 2015-16 पासूनचा. त्याच्या कल्पनेत शिवारफेरी आहे, ग्रामसभा आहे, गावाने स्वतःचं गाव पाहणं आहे. कागदावर हे फार चांगलं आहे. पण मी जे काही आराखडे वाचले, त्यांत सुरुवातीला 2011 चे आकडे जसेच्या तसे उतरवलेले असतात आणि पुढे कामांची यादी. दोघांचा एकमेकांशी संबंध क्वचितच. आकडे प्रस्तावनेपुरते, यादी आधीच ठरलेली. जनगणनेचा वापर होत नाही, तिची उपस्थिती लावली जाते.

मग बाहेरच्यांनाही मोजायचं का?

इथे एक रास्त हरकत येते. जो गावात राहत नाही, रस्ता वापरत नाही, त्याला गावच्या लोकसंख्येत धरून निधी वाढवून घेणं म्हणजे दुसऱ्या गावाचा वाटा खाणं नाही का? मुंबईकर तर दोनदा मोजला जाईल. हरकत बरोबर आहे. म्हणून त्यांना बेरजेत घालू नका, वेगळा रकाना द्या. नेपाळची जनगणना परदेशी असलेल्या घरच्या माणसांची वेगळी नोंद घेते. 2011 मध्ये तिथे अशी 19 लाखांहून अधिक माणसं नोंदली गेली. फिलिपिन्समध्ये परदेशी काम करणारा माणूस घराचा सदस्य म्हणूनच नोंदवतात. आपल्याकडे केरळने जनगणनेची वाट न पाहता 1998 पासून स्थलांतराची स्वतंत्र सर्वेक्षणं केली. त्यामुळे आखातातून कोण परतलं, घरी कोण राहिलं, यावर तिथलं धोरण निदान आकड्यांनिशी भांडतं. गोव्यातही 2008 मध्ये असा अभ्यास झाला. महाराष्ट्रात अशी सलग मालिका उभी राहिलेली नाही. आपल्या कल्पनेत स्थलांतर म्हणजे मुंबई-पुणे, दुबई म्हणजे घरातली खासगी गोष्ट.

'सगळं डिजिटल करा, प्रश्न सुटेल' असंही म्हटलं जातं, आणि त्यासाठी बोट बऱ्याचदा मी राहतो त्या देशाकडेच दाखवलं जातं. अमिरातीची शेवटची पारंपरिक, देशव्यापी जनगणना 2005 ची. आता प्रशासकीय नोंदींवर काम चालतं. अबू धाबीने 2023 ची गणना अशा नोंदींवरूनच केली आणि 37,89,860 माणसं मोजली. वेग थक्क करणारा आहे. पण ओळखपत्राच्या नोंदवहीत माणूस येतो तो व्हिसामुळे, आणि व्हिसा संपला की जातो. कुठल्या देशाचे किती, हेही अधिकृत आकड्यांत सहसा दिलं जात नाही. दूतावासांच्या अंदाजांवर भागवावं लागतं. माझे इलेक्ट्रिशियन मित्र शारजाच्या नोंदीत अगदी अचूक आहेत: पत्ता, मालक, मुदत. तिथली योजना त्यांना कामगार म्हणून मोजते, गाव त्यांना आपला मानतं पण मोजत नाही. नोंदवही कितीही वेगवान असली तरी ती कुणासाठी ठेवली आहे, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना 16 जून 2025 ला निघाली. संदर्भ तारीख पुन्हा 1 मार्च, 2027 ची. म्हणजे गणना फेब्रुवारीत. त्या वर्षी रमजान ईद साधारण 10 मार्चच्या सुमारास आहे आणि शिमगा 20 मार्चनंतर. 2011 मध्येही होळी 19 मार्चला होती, गणना संपल्यावर. सुट्टीवर आलेला आखातातला माणूस पूर्ण गणनाकाळ गावात असेल तर मोजला जाईल, सणाला पोचणारा नाही. गावाचा आकडा कुणाच्या रजेवर अवलंबून राहणार, तर राहू दे. पण मग त्या आकड्याला गाव म्हणू नये.

त्या सदस्यांना माझं उत्तर असं. जनगणनेची ओळ फेकून देऊ नका. दुसऱ्या गावांशी तुलना करायला, वर भांडायला तीच लागते. पण आराखडा तिच्यावर उभा करू नका. तुमच्या गावाने 2020 मध्ये हे काम एकदा केलेलं आहे. टाळेबंदीत कोण मुंबईहून आलं, कोण दुबईहून, कुठल्या वाडीत, कुणाच्या घरी, याच्या याद्या ग्राम कृती दलांनी वह्यांमध्ये हाताने केल्या होत्या. तेव्हा हेतू भीतीचा होता, आणि भीती सरल्यावर वह्या बंद झाल्या. तीच वही वाडीवार पुन्हा उघडा. रकाने चारच ठेवा: घरात आत्ता राहणारे किती, साठीच्या पुढचे किती, बाहेर कोण आणि कुठे, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत. नावं ग्रामपंचायतीतच राहू द्या, बाहेर फक्त बेरजा जाऊ द्या, कारण परदेशी असलेल्या माणसाचं बंद घर कुठलं, ही माहिती चुकीच्या हाती पडायला नको. ग्रामसभेत या बेरजा 2011 च्या ओळीशेजारी मांडा. दोन आकड्यांमधला फरक हाच तुमच्या आराखड्याचा पहिला विषय आहे, आणि तो 2027 च्या पुस्तिकेतही छापून येणार नाही.