चकोराचे अमृतकण, चिमणीचे दाणे

नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत पाखरांचे दाखले जागोजागी येतात. मराठीच्या तासाला ते अलंकार म्हणून शिकवले जातात. विज्ञानाच्या तासाला त्यांचा विषय निघालाच, तर 'अवैज्ञानिक' असा शेरा मारून आपण पुढे जातो. हा शेरा घाईचा आहे.

पहिल्या अध्यायातला चकोर घ्या. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिले अलगद वेचतात, तशा हळुवार मनाने श्रोत्यांनी ही कथा अनुभवावी, असे ज्ञानदेव सांगतात. चकोर हा तित्तिराच्या कुळातला खराखुरा पक्षी आहे. तो पश्चिम हिमालयाच्या डोंगरउतारांवर राहतो, प्रवरेकाठी नाही. गवताचे बी, धान्य, कोवळी पाती आणि किडे हे त्याचे खाणे. तेव्हा आहाराची माहिती म्हणून ही ओवी चूकच. पण कवीने चांदण्याचे 'कण' केले आणि पिलांना ते वेचायला लावले. खाद्य कविसंकेतातून आले. वेचण्याची रीत मात्र अंगणात दाणे टिपणाऱ्या कोणत्याही पाखराची आहे. दृष्टान्ताचे बळ आहे ते या रीतीत.

सहाव्या अध्यायातला पोपट निराळा. पारध्याच्या नळीवर तो बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते आणि उडून जायचे सोडून तो तीच घट्ट धरतो. हा दाखलाही परंपरेतलाच. पण यात भार, फिरणे आणि पकड अशी कार्यकारणाची साखळी आहे. ती तपासता येते. संकेत कोणता आणि तपासता येण्याजोगे विधान कोणते, हा फरक विद्यार्थ्यांना कळला, तर कविताही राहते आणि विज्ञानही.

आणि संकेत काही फक्त कवींचेच नसतात. 'पाखरांचे खाणे म्हणजे दाणे' हाही आपला न तपासलेला संकेतच. बाजरीच्या कणसावर तुटून पडणारी चिमणी पिलांना मुख्यतः अळ्या-किडे भरवते. वाढत्या अंगाला प्रथिने लागतात. पिंजऱ्यातल्या बजरीगरला नुसत्या राळ्यावर ठेवले, तर 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते. सूर्यफुलाच्या बियांत तर चरबीच फार. (देशी पोपट पकडणे व पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.) चकोराच्या चुकीने फक्त ओवी सजली; आपल्या चुकीने पाखरू आजारी पडते.

शाळेच्या वळचणीला चिमणीचे घरटे असेल, तर विद्यार्थ्यांना लांबून तासभर पाहू द्या. चोचीत दाणा किती वेळा आला आणि अळी किती वेळा, याची नोंद त्यांनीच करावी. मग चकोराची ओवी पुन्हा वाचावी.